धाकटीनं सांगितलेलं बेट

९ फेब्रुवारी, रविवार

आज आईंकडे सगळे जेवायला जमलो होतो. आई म्हणजे माझ्या सासूबाई. जेवण होईपर्यंत सगळं ठीक होतं. मग धाकटीनं मोबाइल काढला आणि बेटाचे फोटो दाखवायला सुरुवात केली, आणि मी फळांची वाटी बाजूला सारली.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. शाळेत भूगोल शिकवते. गेल्या दोन वर्षांत दोनदा दिरांबरोबर परदेशातल्या त्या बेटावर जाऊन आली. झालं, आता घरात दुसरा विषय नाही. आत्तेसासूबाईंची सून विचारते बॅगेत काय भरू, ह्यांचे चुलतभाऊ विचारतात बोटीचं तिकीट आधी काढायचं की तिथे जाऊन. आणि ती सगळ्यांना शांतपणे, हसत, एकेक सांगते.

या घरात परदेशात पहिलं पाऊल मी टाकलं. सगळ्यांच्या आधी! टूरबरोबर का असेना, बसमधून का असेना, पण सात शहरं बघून आले. तेव्हा हे सगळे मला विचारायचे. स्वेटर किती न्यायचे, गोळ्या कुठल्या, सुटे पैसे कुठे बदलायचे. मी कपड्यांच्या गुंडाळ्या करून बॅग भरते ते बघायला माणसं घरी यायची. आज एकानंही माझ्याकडे मान वळवली नाही.

फोटोंत सगळीकडे ती एकटी. खडकावर ती, बोटीत ती, खिडकीपाशी ती. दीर एकाही फोटोत नाहीत, बिचारे कॅमेरा धरून उभे. किती ती हौस बायकोची! आमचे हे फोटो काढतात तेव्हा माझं डोकं तरी गायब असतं नाही तर पाय. अर्थात दिरांचे फोटोही जरा वाकडेच आहेत. कुंपणावर मोबाइल टेकवून काढल्यासारखे. पण हे मी बोलून दाखवलं नाही.

"भाऊजी, तुम्हीही सांगा की काहीतरी," मी म्हटलं.

"सगळं हिलाच विचारा, वहिनी. मी नुसता बॅगा उचलणारा," ते म्हणाले आणि पुन्हा मोबाइलमध्ये घुसले. सगळे हसले. धाकटी ताटं गोळा करायला उठली.

११ फेब्रुवारी

माझ्या चष्म्याच्या दुकानात आज आमच्या वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टर आली. तिच्या चष्म्याची दांडी सैल झाली होती. मी स्क्रू आवळत असताना म्हणाली, "उन्हाळ्यात बाहेरदेशी जायचा विचार आहे." मी सरसावून बसले. चष्मा पुसत पुसत सुरुवात करणार, तेवढ्यात ती म्हणाली, "तुमच्या जाऊबाईंचा नंबर देता का? त्या फार छान माहिती देतात असं ऐकलं."

दिला. काय करणार!

चष्मा मात्र जरा जास्तच घट्ट करून दिला. संध्याकाळी वाईट वाटलं. उद्या वर जाऊन सैल करून देईन.

२ मार्च, रविवार

घरच्या ग्रुपवर धाकटीनं आज बेटाबद्दल भलंमोठं लिहिलंय. कुणीतरी मागितलं म्हणे. मी वाचणार नव्हते. तीनदा वाचलं.

"बंदरापासून चढणीवर निळ्या दाराचं घर आहे, तिथल्या मालकीणबाई फार चांगल्या आहेत. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली मागा. छोटी आहे, एकच खुर्ची आहे, पण खिडकी समुद्रावर. खानावळीत तीन वाजल्यानंतर जा, तेव्हा कुणी टक लावून बघत नाही. पोहायला गावातल्या बायकांबरोबर सकाळी जा, त्या आपण होऊन हाका मारतात. पहिले दोन दिवस कंटाळा येईल. परतीचं तिकीट बदलू नका. तिसऱ्या दिवशी बरं वाटतं."

टक लावून कोण बघणार आहे? म्हणजे बाईसाहेबांना वाटतं सगळी दुनिया आपल्याकडेच बघते. आणि एक खुर्ची? मग दीर बसत कुठे होते, खिडकीत? एवढा पैसा कमावतो माणूस, दवाखान्यांना यंत्रं विकतो, महिन्यातले निम्मे दिवस फिरतीवर असतो, आणि ही त्याला एका खुर्चीच्या खोलीत नेऊन ठेवते. काटकसरीचं कौतुक हवं असेल, दुसरं काय.

खाली अठ्ठावीस जणांनी अंगठे दाखवलेत. मी नाही दाखवला.

१८ मार्च

ठरलं. आम्हीही बेटावर जाणार.

ह्यांना तयार करायला आठवडा गेला. "अगं, माझा गुडघा," म्हणाले. मी म्हटलं, गुडघा घरी बसूनही दुखतोच. "बसमधून दाखवतात ते बरं असतं गं. उतरा म्हटलं की उतरायचं, चढा म्हटलं की चढायचं." मी म्हटलं, आयुष्यभर तेच केलंय.  तेव्हा ते म्हणाले, "बरं, जाऊ. पण चढण कमी असलेलं घर बघ."

मी निळ्या दाराचं घर ठरवलं, तीच कोपऱ्यातली खोली. धाकटीला विचारलं नाही. सगळं माझं मी शोधलं असंच सांगणार आहे. ती जिथे जिथे गेली तिथे जायचं, आणि ती जिथे गेली नाही असं निदान एक ठिकाण शोधून यायचं. मग बघू, ग्रुपवर कोण कुणाला विचारतं.

६ एप्रिल, रविवार

आज आईंकडे जाहीर केलं. मला वाटलं होतं धाकटीचं तोंड पडेल. पडलं, पण वेगळंच. पांढरी फटक पडली.

"बेटावर? तिथे कशाला, ताई? मी तुम्हाला दुसरं सांगते. त्याहून कितीतरी सुंदर आहे. भाऊजींच्या गुडघ्यालाही बरं."

"का बरं? तुला एवढं आवडलं ना?"

"हो, पण… तुम्हाला नाही आवडणार."

मला नाही आवडणार! हिला आवडतं ते मला आवडायला माझी पात्रता नाही की काय?

दीरही मध्ये पडले. "वहिनी, तिथलं हवामान फार बेभरवशाचं. मी तर कंटाळलो होतो." आई म्हणाल्या, "अरे, मग दुसऱ्यांदा कशाला गेलास?" तर म्हणे, "हिच्यासाठी." असा नवरा मिळायला नशीब लागतं. माझा नवरा त्या वेळी दुसऱ्यांदा भात वाढून घेत होता.

८ एप्रिल

धाकटी दुकानात आली. चष्मा बोचतो म्हणाली. मी नाकावरच्या पट्ट्या बघितल्या, व्यवस्थित होत्या. तरी थोड्या वाकवल्यासारखं केलं. ती काउंटरवर बोटं फिरवत उभी.

"ताई, कुठे राहणार आहात तुम्ही?"

"बघतेय अजून," मी ठोकून दिलं.

"निळ्या दाराच्या घरात नका राहू. ते बंद झालं बहुतेक."

पैसे भरल्याची पावती माझ्या पर्समध्ये! तिच्या डोळ्याला डोळा देऊन मी म्हटलं, "हो का? बरं झालं सांगितलंस." खोटारडी. आपण शोधून काढलेली जागा दुसऱ्या कुणी बघू नये म्हणून इतक्या थराला जायचं? पोटात एवढं दुखावं माणसाच्या?

जाताना दारातून परत आली. काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, आणि मी मुद्दाम गिऱ्हाइकाकडे वळले.

१० मे, शनिवार

पोचलो. बोट फार हलते. ह्यांना उलटी झाली, मला नाही.

बेट सुंदर आहे. लिहून टाकलं एकदाचं. फोटोंत दिसतं त्याहून सुंदर आहे आणि त्याचाच राग येतोय.

११ मे

काय लिहू, कुठून सुरुवात करू.

सकाळी हे गुडघा शेकत वर बसले होते. मी खाली स्वयंपाकघरात चहा घ्यायला गेले. मालकीणबाई सत्तरीच्या, हात पिठात. त्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच मोडकंतोडकं, त्यामुळे छान जमलं. गप्पा मारता मारता मला काय सुचलं कोण जाणे, मोबाइलमधला घरचा फोटो काढून दाखवला. म्हटलं बघू, हिची आठवण तरी आहे का इथे कुणाला.

बाईंनी पिठाचा हात पुसला आणि धाकटीच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. केवढ्या खूश झाल्या! "ही तुमची कोण?" मी सांगितलं, धाकट्या दिरांची बायको. मग फोटोतल्या दिरांवर बोट ठेवून म्हटलं, "आणि हे तिचे यजमान. आले होते ना दोन्ही वेळा."

त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. म्हणाल्या, "नाही. याला मी कधी पाहिलं नाही. ती एकटी येते."

मला वाटलं त्यांना कळलं नाही. पुन्हा विचारलं. त्यांनी एक बोट वर केलं. एकटी. पहिल्या वेळी आली तेव्हा दोन दिवस खोलीबाहेरच आली नाही. "मी दाराशी सूप ठेवायचे," बाई म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी उतरली आणि विचारलं, इथे एकटीनं जेवायला कुठे जाता येईल.

मी चहा तसाच ठेवून वर आले. ह्यांनी विचारलं काय झालं. काही नाही म्हटलं.

खरं लिहिते. इथे लिहायला कुणाची भीती. पहिल्यांदा आनंद झाला. उकळीच फुटली म्हणा ना. इतके दिवस माझ्या डोक्यावर बसलेली, आता माझ्या मुठीत आली. आईंसमोर नुसतं एवढं म्हणायचं, "मालकीणबाई भाऊजींना ओळखतच नव्हत्या बरं का." पुढचं आपोआप. बॅगेत काय भरायचं, खानावळीत कधी जायचं, कुणी विचारणार नाही तिला पुन्हा.

दुपारपर्यंत हाच विचार घोळवत होते. मग हे झोपले आणि मी त्या एकाच खुर्चीवर बसले. ह्यांच्यासाठी दुसरी मागवली होती, ती कपड्यांनी भरली होती. खिडकीतून समुद्र बघत बसले. आणि आनंद कुठे गेला कळलंच नाही. ही बाई एकटी आली. एकटीनं विमान, एकटीनं बोट, दोन दिवस दार लावून रडली असेल, आणि तिसऱ्या दिवशी उतरून समुद्रात शिरली. आणि पुन्हा आली! मी बावन्न वर्षांची आहे, दुकान सांभाळते, लोकांचे नंबर बरोबर आहेत की नाही ते बघून सांगते, पण एकटीनं हॉटेलात कधी चहासुद्धा प्यायले नाही.

नवऱ्याच्या हौसेचा हेवा करत होते तेव्हा बरं होतं. हा हेवा फार वाईट.

१२ मे

सकाळी ह्यांना म्हटलं, "अहो, मी जरा एकटी जाऊन येऊ का?"

"अगं, जा की. मी कुठे अडवलंय?"

रागानं नाही म्हणाले, सहज म्हणाले. आणि ते खरंच आहे. कुणी अडवलं नव्हतं. पायऱ्या उतरताना तेच डोक्यात. अडवलं असतं तर निदान कुणावर तरी ढकलता आलं असतं.

पर्समध्ये स्वेटर, छत्री, ह्यांच्या गोळ्या. ह्यांच्या गोळ्या कशाला घेतल्या होत्या? रस्ता चुकले. एका घराच्या अंगणात शिरले, कुत्रं भुंकलं. मग खाली खडकांपाशी पोचले तेव्हा बायका पाण्यात होत्या, म्हाताऱ्या, जाड्या, टोप्या घातलेल्या. त्यांनी खरंच हाका मारल्या. मी चपला काढून घोट्यापर्यंत गेले. पाणी इतकं थंड की ओरडले. त्या हसल्या, मीही हसले. पुढे नाही गेले.

तीनपर्यंत दम निघेना, दोनलाच खानावळीत गेले. वेटरनं विचारलं, किती जण? मी एक बोट दाखवलं. कोपऱ्यातल्या एका टेबलावर दोन बायका वळून बघत राहिल्या. टक लावून. तेव्हा ग्रुपवरचं ते वाक्य आठवलं आणि कान गरम झाले. सूप अर्धं टाकून निघणार होते. मग सगळं संपवलं. पाव पण.

घरी आले तर हे दारात उभे. "कशी झाली सहल?" मी म्हटलं, पाणी थंड आहे. एवढंच सांगितलं. बाकीचं माझं.

१ जून, रविवार

आईंकडे जेवण. आज मलाच सगळं विचारत होते. बोट, खोली, पाऊस. ज्याची इतके महिने वाट बघितली ते ताटात वाढून आलं, आणि मला एक घास गोड लागेना, कारण धाकटी समोर बसून मीठ चिमटीत धरून ते पुन्हा ताटात सोडत होती.

आईंनी दिरांना विचारलं, "तुला काय आवडलं होतं रे तिथलं सगळ्यात?"

"दीपगृह," दीर म्हणाले. पट्कन. "वर चढून सूर्यास्त बघायचा. काय देखावा!"

"अरे, पण ते दीपगृह तर…" हे म्हणाले. ह्यांच्या मनात पाप नाही हो. आम्ही दोघं गेलो होतो तिथपर्यंत, ह्यांचा गुडघा धरून. दाराला साखळी, आत झाडं उगवलेली. कितीतरी वर्षं बंद आहे असं पाटीवर लिहिलेलं.

दिरांचा हात थांबला. धाकटीनं डोळे मिटले. अगदी सुई टोचणार म्हटल्यावर मिटतात तसे.

मी म्हटलं, "आता दुरुस्तीला काढलंय ना, म्हणून बंद होतं. अहो, ती भाजी द्या इकडे."

माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, भाजी दिली. मी पाटी वाचून दाखवली होती त्यांना. 

स्वयंपाकघरात भांडी आवरताना धाकटी माझ्या मागे आली.

"ताई, केव्हा कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत आज?"

 मी नळ सोडला. ती पाण्याच्या आवाजात बोलायला लागली, सगळं सांगितलं. दिरांचं दुसऱ्या शहरात घर आहे, तिथे कोणीतरी आहे. हे काही नवं नाही, चार वर्षं झाली. फिरती म्हणजे तेच. पहिल्या वेळी दोघांची तिकिटं काढली होती, आदल्या दिवशी ते नाही म्हणाले. ती रागानं एकटी गेली. आल्यावर ते म्हणाले, आईला सांगू नकोस, दोघं गेलो असंच सांगू. पुढच्या वर्षी त्यांनीच सुचवलं, तू जा बेटावर, तेवढे दिवस मी तिकडे राहतो.

"आणि तू ऐकलंस?"

"मला जायचं होतं, ताई. खोटं बोलून का होईना." मग म्हणाली, "सगळ्यांनी विचारलं, कुठे राहिलीस, काय खाल्लंस, कितीला पडलं. मला वाटायचं कुणीतरी विचारेल, बरी आहेस ना? तुम्ही तरी."

मी तिच्याशी खेटून उभी होते. हात साबणानं भरलेले. म्हटलं, "मी तुझ्यावर जळत होते गं. डोळ्यांना दुसरं काही दिसत नव्हतं."

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "म्हणून तर सांगता आलं नाही."

८ जून, रविवार

धाकटीनं आज आईंना सांगितलं. सगळ्यांसमोर, बसून, आवाज न चढवता. वर्गात शिकवत असल्यासारखं.

दीर उसळले. "हे सगळं वहिनींचं! त्यांनीच कान भरलेत हिचे."

आईंनी माझ्याकडे बघितलं. "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि गेल्या रविवारी माझ्या तोंडावर थाप मारलीस?"

"हो, आई."

त्या उठल्या आणि आत गेल्या. दार लावलं नाही, पण आम्ही कुणी मागे गेलो नाही. दीर गाडीची किल्ली घेऊन निघाले. ह्यांनी त्यांना जिन्यात गाठलं. पहिल्यांदाच ह्यांचा आवाज चढलेला ऐकला मी. काय बोलले ते कळलं नाही. वर आले तेव्हा लंगडत होते.

धाकटी आमच्या घरी आली आहे. समोरची खोली दिली.

१५ जून, रविवार

आई आल्या होत्या. धाकटीशी बोलल्या नाहीत, पण तिच्या शेजारी बसल्या, तासभर. निघताना तिची ओढणी नीट केली. माझ्याशी अजून अबोला आहे. थाप माझी, त्यामुळे माझ्याशी जास्त. असो.

हे रोज धाकटीला आंबा कापून देतात. फोडी करून, सालं काढून. सव्वीस वर्षांत मला कधी दिला नाही. काल मी म्हटलंच तसं. हे म्हणाले, "तू कधी कुणाला कापू दिलास का?" आणि ती फिसकन हसली. राग आला. अजून येतो, काय करू.

२२ जून

धाकटीला शाळेजवळ दोन खोल्या मिळाल्या. पुढच्या आठवड्यात जाईल. आज बॅग भरत होती, मी गुंडाळ्या करून देत होते.

म्हणाली, "ताई, खोल्या लावून झाल्या की सुट्टीत मी आणखी एका ठिकाणी जाणार आहे. डोंगरातलं गाव आहे, आगगाडी जाते. तुम्ही येता? दोघी जाऊ. मी सगळं बघते. तिकीट, खोली, सगळं."

किती मनापासून म्हणाली. आणि मला यायचं होतं की! फेब्रुवारीपासून मला दुसरं काय हवं होतं?

तरी मी म्हटलं, "नको गं. तू जा. मला एकदा एकटीनं जायचंय."

"एकट्या? कुठे?"

खरं तर अजून काहीच ठरवलेलं नाही. पण तोंडातून निघून गेलं, "आल्यावर सांगेन."

ती हसली, छान म्हणाली. पण त्याआधी क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. ओठ जरासे आत गेले, नजर बॅगेकडे वळली. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मला कळलं. गेले चार महिने तोच चेहरा मी आरशात बघतेय.

फार वाईट बाई आहे मी. इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही.